बेरेकहाझाच्या चौतीस चड्ड्या

‘पाठिंबा उभा करा,’ असं पत्रात लिहिलं होतं. खांब उभा करतात, मांडव उभा करतात, निवडणुकीला माणूस उभा करतात, हे एतेल्काला ठाऊक होतं. पाठिंबा कसा उभा करायचा आणि उभा राहिला तर त्याला टेकू कशाचा द्यायचा, हे मात्र पत्राच्या अकरा पानांत कुठेही नव्हतं.

एतेल्का बोदोर ही कोरोश नदीच्या काठच्या तीन गावांची कृषी सहायक. वय शेहेचाळीस. ऑफिस बेरेकहाझा गावात, पोस्टाच्या मागच्या खोलीत. वीस वर्षं तिने शेतकऱ्यांचे अर्ज भरले होते. डिझेलचे, गारपिटीचे, मेलेल्या मेंढीचे, न मेलेल्या पण हरवलेल्या मेंढीचे. कॉलेजात असताना तिने गांडुळांवर प्रबंध लिहिला होता आणि त्याला बक्षीसही मिळालं होतं. त्यानंतर तिची आणि गांडुळाची भेट व्हायची ती फक्त पाऊस पडून गेल्यावर, ऑफिसच्या पायरीवर.

पत्र होतं मातीच्या आरोग्याबद्दल. नऊ देशांनी मिळून संशोधन करायचं ठरवलं होतं. एकूण सत्तावीस गावं निवडली होती आणि त्यांत बेरेकहाझा होतं. पण अट अशी, की गावातल्या किमान तीस शेतकऱ्यांनी लेखी पाठिंबा द्यायचा आणि प्रत्येकाने आपल्या शेतात एक पांढरी सुती चड्डी वीतभर खोल पुरायची. अडीच महिन्यांनी ती उकरून काढायची आणि तिचं काय झालंय ते बघायचं. तीस जण जमले नाहीत तर गावाचं नाव कटणार. जमले, तर पुढच्या टप्प्यासाठी विचार होणार: त्यात तीन वर्षं बियाणं मिळणार, अवजारं मिळणार आणि जाणकार माणसं येऊन शेतकऱ्यांबरोबर बांधावर बसणार.

हा शेवटचा परिच्छेद एतेल्काने तीनदा वाचला. ऑफिसात आलेल्या एखाद्या कागदातून आपल्याला काही हवंसं वाटावं, असं फार वर्षांनी घडत होतं.

जिल्ह्याच्या विद्यापीठातून डॉ. झालान उर्मोश समजावून सांगायला आले. गावाच्या सभागृहात साठ खुर्च्या मांडल्या आणि माणसं आली पाच. त्यांतला एक डिझेलच्या अर्जाची चौकशी करायला आला होता. एक म्हातारं जोडपं सिनेमा आहे असं समजून आलं होतं. सरपंच गेदेओन आले, कारण किल्ली त्यांच्याकडे होती. पाचवी वेरोन नेनी. बेरेकहाझात साठी ओलांडलेली प्रत्येक बाई नेनी आणि प्रत्येक पुरुष बाची. पण वेरोन नेनी ऐंशीच्या पुढची, त्यामुळे ती सगळ्यांचीच नेनी. तिने टोपलीभर पोगाचे, म्हणजे छोटे खारे पाव, भाजून आणले होते.

डॉ. झालान पन्नास मिनिटं बोलले. मनाने चांगला माणूस होता तो, पण प्रकल्पांच्या कागदपत्रांत इतकी वर्षं काढली होती की साधं वाक्य त्याच्या तोंडाला येतच नसे. “सेल्युलोजच्या जैविक विघटनाची गतिमानता,” ते म्हणाले, “हा मातीच्या कार्यात्मक चैतन्याचा निर्देशांक मानला जातो.” पाचही जणांनी मान डोलावली. म्हातारा झोपेत डोलवत होता. मग झालाननी एक फोटो काढला, तो असा पुढून आणि खालून, की रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत आणि पोगाचे मात्र दिसावेत. अहवालात त्याखाली लिहिलं गेलं: समाजाच्या सर्व थरांचा उत्स्फूर्त सहभाग.

सह्या एकूण दोन झाल्या. वेरोन नेनीची आणि सरपंचांची. सरपंचांकडे जमीन नव्हती.

एतेल्काला कारण माहीत होतं. सभेला वेंदेल हालमोशी आला नव्हता. गावातली अर्धी जमीन वेंदेल कसायचा. काही स्वतःची, बाकीची भाडेपट्ट्याने घेतलेली. त्याचा ट्रॅक्टर रस्त्याने निघाला की कपाटातली भांडी वाजायची. वेंदेलची टोपी ज्या बाजूला कलते त्या बाजूला गाव कलतं, हे बेरेकहाझातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं.

ती त्याच्याकडे गेली. सकाळचे दहा वाजले होते, म्हणून वेंदेलने पालिंकाचे, म्हणजे फळांच्या कडक दारूचे, फक्त दोनच पेले भरले.

“माझ्या मातीला काय धाड भरलीय?” तो म्हणाला. “तपासायला आजारी माणसाला नेतात, एतेल्का. माझी माती इतकी काळी आहे की कावळा येऊन बसला तर सापडत नाही.”

“आजारी कोण म्हणतंय, वेंदेल बाची? उलट चांगलं दाखवायला एक तरी गाव हवं ना.”

“मग दुसरं बघा.”

एतेल्काने पेला खाली ठेवला. पुढे जे तिच्या तोंडून निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं. “बघितलंय. शारकेरेसने चाळीस सह्या दिल्या म्हणे.”

शारकेरेस हे ओढ्यापलीकडचं गाव. त्याचं आणि बेरेकहाझाचं फुटबॉलवरून, चर्चच्या घंटेवरून आणि पुराच्या वेळी बांध कोणी फोडला यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाकडं होतं. त्या गावाला असलं काही पत्रच गेलं नव्हतं.

“शारकेरेसमध्ये चाळीस माणसं आहेत तरी का?” वेंदेल म्हणाला आणि त्याने खिशातून पेन काढलं. अट एकच घातली. पहिला खड्डा त्याच्या शेतात, आणि तोही बँड लावून.

तीन दिवसांत एकतीस सह्या आणखी आल्या. सरपंचांनी मेव्हण्याच्या दोन सऱ्या मागून घेतल्या आणि ते शेतकरी झाले. वेरोन नेनीचं शेत म्हणजे घरामागचं परसू, त्यात कांदे, घेवडा, ढोबळी मिरची आणि मध्येच एक जर्दाळूचं झाड. याला शेत म्हणावं का, असं डॉ. झालाननी फोनवर विचारलं. एतेल्का म्हणाली, सभेला खरोखर सभेसाठी आलेली ती एकटीच होती. तिचं नाव यादीत राहिलं आणि आकडा चौतीस झाला.

चड्ड्या दुसऱ्या देशातून आल्या. सगळ्या देशांत माप सारखं असावं म्हणून सगळ्या एकाच मापाच्या होत्या, आणि ते माप पंधरा वर्षांच्या किडकिडीत पोराचं होतं. वेंदेलने आपली चड्डी कमरेला लावून बघितली तेव्हा ती त्याच्या पोटावर टपालाच्या तिकिटासारखी दिसली. प्रत्येक चड्डीच्या मागच्या बाजूला प्रकल्पाचा निळा शिक्का होता: नऊ गांडुळं हातात हात घालून हसताहेत. प्रकल्पाची कुठलीही वस्तू शिक्क्याशिवाय वापरायची नाही असा नियमच होता, आणि शिक्का चांगला रबरासारखा जाड होता.

“गांडुळाला हात कधीपासून फुटले?” वेरोन नेनीने विचारलं. ते पत्रात नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी पुरण्याचा समारंभ झाला. अग्निशमन दलाचा बँड आला. फादरांनी आधी साफ नकार दिला होता, चड्डीवर आपण पवित्र पाणी शिंपडणार नाही म्हणाले. शेवटी मधला मार्ग निघाला आणि त्यांनी चड्डीकडे पाठ करून शेताला आशीर्वाद दिला. वेंदेलने वीतभर खोल खड्डा खणला, चड्डीची व्यवस्थित चौघडी घालून ती आत ठेवली आणि भाषण केलं.

“माझ्या वडिलांनी याच मातीत बाभळीचा खांब रोवला, तो चाळीस वर्षं कुजला नाही. ही चड्डी मी जूनमध्ये काढीन ना, तेव्हा झटकून, इस्त्री करून प्रार्थनेला घालून जाता येईल, अशी निघेल. शारकेरेसवाल्यांनी त्यांची काढून दाखवावी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉ. झालाननीही टाळ्या वाजवल्या. भाषणभर ते फोनमध्ये बघत होते. एतेल्काने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. झालानच्या पन्नास मिनिटांच्या भाषणाचं एक अक्षरही गावाला कळलेलं नव्हतं. चांगली माती चड्डी सांभाळून ठेवते असं सगळं गाव धरून चाललं होतं, आणि खरं होतं ते बरोबर उलटं. मातीत जीव असेल तर ती कापड खाऊन टाकते. मेलेली असेल तर जसंच्या तसं परत करते.

तिथेच पुढे होऊन सांगायला हवं होतं. पण बँड सुरू झाला, वेंदेलचा चेहरा पाकातल्या चेरीसारखा चमकत होता आणि तिच्या पिशवीत चौतीस सह्या होत्या. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं की पुढच्या आठवड्यात सांगू. असे पाच आठवडे गेले.

मग मेच्या मध्यावर प्रकल्पाचं माहितीपत्रक आलं. भाषांतराला वेळ लागल्यामुळे ते तीन महिने उशिरा आलं होतं. ते कुणी तरी लहान मुलांसाठी केलं होतं, म्हणून चक्क समजत होतं. पहिल्या चित्रात पांढरीशुभ्र अख्खी चड्डी, शेजारी रडका चेहरा, खाली ‘मेलेली माती’. शेवटच्या चित्रात नुसतं इलास्टिक, शेजारी हसरा चेहरा, खाली ‘जिवंत माती’. एतेल्काला सुटल्यासारखं वाटलं. आता आपल्याला बोलायला नको. तिने एक पत्रक दुकानात लावलं, एक बारच्या दारावर, एक चर्चच्या फलकावर.

त्या संध्याकाळी बार लवकर रिकामा झाला म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून माणसं खांद्यावर फावडं टाकून सहज म्हणून शेताकडे फिरायला जाऊ लागली. कोणी विचारलंच तर एक म्हणायचा उंदरांची बिळं बघतोय, दुसरा म्हणायचा चालण्याचा व्यायाम. परत येताना मात्र सगळ्यांचे चेहरे पत्रकातल्या पहिल्या चित्रासारखे झालेले असत.

गुरुवारी वेंदेल ऑफिसात आला. त्याने दार लावलं, मग खिडकी लावली, मग खुर्चीत बसला.

“एखादी जास्तीची आहे का?”

“काय?”

“चड्डी गं. वापरलेली चालेल. फाटकी असेल तर उत्तमच.”

“मोजून चौतीस आल्या होत्या, बाची. तुमची कशी आहे?”

वेंदेलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “नवीकोरी. घडीसुद्धा मोडलेली नाही.” मग तो म्हणाला, “मी तिथं उभा राहून भाषण केलं. बँड लावून. तुला माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“नाही बोलले. चूक झाली माझी.”

त्याला भांडायचं होतं, पण समोरचं माणूस चूक कबूल करून बसलं की भांडणाला धरायला काही उरत नाही. मग त्याने विचारलं, की असं का झालं. एतेल्काने सांगितलं. ट्रॅक्टरचं वजन, त्याखाली दगडासारखा बसलेला थर, शेतातून उचललेली काडी न्‌ काडी, हिवाळाभर उघडी पडणारी जमीन. गांडुळाला खायला काही नाही आणि श्वास घ्यायला फट नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती आपल्या विषयावर सलग दहा मिनिटं बोलली असेल, आणि वेंदेलने मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

“हे सांगायला तुला वीस वर्षं लागली?” तो म्हणाला.

“तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही फक्त अर्ज मागितलेत.”

वेंदेल उठला. जाताना खिडकी उघडायचं विसरला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एतेल्का सहज वेरोन नेनीकडे डोकावली. नेनी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून वाटाणे सोलत होती, आणि मागे कांद्याच्या वाफ्यात वेंदेल हालमोशी गुडघ्यांवर बसून तण उपटत होता. एतेल्काला बघून तो जर्दाळूच्या झाडामागे गेला. वेंदेलपुढे ते झाड फारच बारीक होतं.

“त्याला काय झालंय?” एतेल्काने विचारलं.

“भाडं फेडतोय,” नेनी म्हणाली. “बस. वाफ्यात पाय देऊ नकोस. तेहेतीस जणांच्या चड्ड्या आहेत तिथे.”

मग तिने सगळं सांगितलं. सगळ्यात आधी सरपंच आले. त्यानंतर एकेक जण, कुंपणाच्या मागच्या फटीतून. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. नेनीच्या परसात जे पडेल ते गडप होतं, हे गावाला लहानपणापासून माहीत होतं. तिची हरवलेली लाकडी पळीसुद्धा पुढच्या वर्षी सापडली नव्हती. नेनीने कोणाला नाही म्हटलं नाही. फक्त प्रत्येकाकडून घमेलंभर शेणखत घेतलं आणि पालापाचोळ्याचा ढीग त्याच्या त्याच्याकडून वरखाली करून घेतला. वेंदेलचं शेत सगळ्यात मोठं, म्हणून त्याला तण.

“नवरा होता तेव्हा एका माणसाच्या धुवायच्या म्हटलं तरी मला कंटाळा यायचा,” नेनी म्हणाली. “आता ही गावाची वरात. घेवडा लावायला जागा राहिली नाही.”

“नेनी, ही लबाडी आहे.”

“आहेच की. पण हा वेंदेल बघ. चाळीस वर्षांत त्याने माती हातात घेतली नव्हती. काल मला विचारत होता, ही भुसभुशीत कशी होते म्हणून.”

एतेल्का पायरीवर बसली. तिने वाटाणे सोलायला घेतले. झाडामागून थोड्या वेळाने खोकल्याचा आवाज आला आणि वेंदेल पुन्हा कांद्यांकडे वळला.

उकरण्याच्या दिवशी बस भरून पाहुणे आले. नऊ देशांतले सोळा जण. त्यांतल्या पंधरा जणांच्या पायांत स्वच्छ बूट होते. सोळावी लेइडा नावाची एस्टोनियाची म्हातारी संशोधक. तिने स्वतःचं फावडं बरोबर आणलं होतं. पहाटेच गावातल्या प्रत्येक माणसाने आपापली वस्तू नेनीच्या वाफ्यातून काढून शेतात परत नेली होती. मागच्या कुंपणापाशी एकमेकांची गाठ पडल्यावर सगळ्यांनी एकमेकांना शुभ सकाळ म्हटलं आणि दुसरं काही पाहिलं नाही.

वेंदेलने खड्डा उकरला. दोन बोटांत धरून त्याने जे वर काढलं ते बघून पाहुण्यांत कुजबुज झाली. इलास्टिक आणि शिक्का. मग दुसऱ्याचं शेत, तिसऱ्याचं शेत. दुपारपर्यंत चौतीस खड्ड्यांतून चौतीस इलास्टिकं आणि नऊ-नऊ गांडुळांच्या चौतीस हसऱ्या रांगा निघाल्या. मातीने कापड खाल्लं होतं, शिवण खाल्ली होती. प्रकल्पाला मात्र तिने तोंड लावलं नव्हतं. डॉ. झालानचे डोळे भरून आले. सत्तावीस गावांत असा निकाल कुठेच नव्हता, असं ते प्रत्येकाला सांगत सुटले.

लेइडा टाळ्या वाजवत नव्हती. ती वेंदेलच्या शेतात मागे राहिली होती. खड्ड्याशी गुडघे टेकून तिने एक ढेकूळ उचललं आणि फावड्याच्या दांड्यावर आपटलं. विटेवर वीट आपटल्यासारखा आवाज आला. मग तिने खड्ड्यात बोटं घालून चाचपलं आणि काहीतरी तळहातावर घेतलं. अंड्याचं टरफल होतं, आणि कांद्याची साल.

तिने झालानमार्फत वेंदेलला विचारलं, या शेतात कोंबड्या येतात का. शेत गावापासून तीन किलोमीटरवर होतं.

“येतात,” वेंदेल म्हणाला. “कधीमधी.”

लेइडाने आणखी काही विचारलं. झालान अडखळले, तिला पुन्हा विचारून घेतलं, आणि मग म्हणाले, “त्या विचारताहेत, की त्या कोंबड्या इथे येऊन कांदाही सोलतात का.”

वेंदेल खड्डा बुजवू लागला. म्हातारीने एतेल्काकडे पाहिलं, टरफल रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि ती बसकडे चालू लागली. ती रागावली नव्हती. आपल्याला शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं एतेल्काला वाटलं.

सगळे सभागृहात पोगाचे खायला गेले आणि एतेल्का निकालाचा तक्ता घेऊन कोपऱ्यात बसली. खाली तिची सही हवी होती. सहीच्या वर ‘शेरा’ असा एक चौकोन होता. तिने बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. मग लिहिलं: “बेरेकहाझातले सर्व नमुने एका अत्यंत सुपीक परसात पाच आठवडे पुरून कुजवलेले आहेत. प्रत्यक्ष शेतांमधली माती मृतप्राय आहे. गावकऱ्यांनी हे लाजेपोटी केलं. मला माहीत होतं आणि मी थांबवलं नाही. या गावाला पुढच्या टप्प्याची फार गरज आहे.” सही केली आणि कागद झालानच्या हातात दिला. आता ते वाचतील, वर बघतील आणि सगळं संपेल, म्हणून ती उभी राहिली. झालाननी कागद न बघता फायलीत ठेवला आणि तिला एक पोगाचा दिला.

उत्तर ऑगस्टमध्ये आलं. सत्तावीस गावांत बेरेकहाझा पहिलं. सोबत जाड कागदाचं मानपत्र होतं. पत्रात पुढे म्हटलं होतं, की तुमची माती इतकी निरोगी असल्यामुळे तुम्हाला पुढच्या टप्प्याची आवश्यकता नाही; तो आजारी मातीच्या गावांना देण्यात येत आहे. तुम्ही उभा केलेला पाठिंबा मात्र सर्व देशांसाठी आदर्श आहे.

एतेल्काने झालानला फोन केला. तिचा आवाज चढला होता. शेऱ्याचं काय झालं, तिने विचारलं. झालाननी कॉम्प्युटरवर शोधलं आणि अगदी मनापासून सांगितलं, की शेरा पोचलेला आहे, फक्त त्या रकान्यात ठराविक अक्षरंच मावतात. आणि जेवढं मावलं होतं तेवढं त्यांनी वाचून दाखवलं: “बेरेकहाझातले सर्व नमुने एका अत्यंत सुपीक.”

“सुंदर लिहिलंय तुम्ही,” ते म्हणाले. “आम्ही हे वाक्य मुखपृष्ठावर घेतलंय.”

एतेल्काने फोन ठेवला. त्या दिवशी तिने कुणाचाही अर्ज भरला नाही. सरपंचांनी मानपत्र चौकटीत घालून सभागृहात लावलं. अनावरण वगैरे काही केलं नाही. गावातला कोणीच त्या भिंतीकडे बघत उभा राहत नसे.

गव्हाची कापणी उरकल्यावर एका सोमवारी वेंदेल ऑफिसात आला. या वेळी त्याने दार लावलं, खिडकी उघडी ठेवली. हिरवळीच्या खतासाठी काय पेरतात, तो म्हणाला, म्हणजे मी पेरणार नाहीये, नुसतं विचारतोय. एतेल्काने सांगितलं, की मुळा, वाटाणावर्गातलं काहीतरी, थोडी मोहरी, आणि हिवाळाभर जमिनीला हात लावायचा नाही.

“एक पट्टा,” वेंदेल म्हणाला. “पॉपलरच्या रांगेमागे एक पट्टा आहे. रस्त्यावरून दिसत नाही.”

एतेल्काने वहीत लिहून घेतलं. आदल्या आठवड्यात याच खुर्चीत सात जण बसून गेले होते, आणि प्रत्येकाला रस्त्यावरून न दिसणारा एक पट्टा होता. सरपंच तर मेव्हण्यालाही सांगू नका म्हणाले होते. हे ती वेंदेलला बोलली नाही. तिने लेइडाला मात्र एक पत्र लिहिलं, खरं खरं आणि चार पानांचं. तीन आठवड्यांनी एस्टोनियाहून एक पुडकं आलं. आत मुळ्याचं बी होतं आणि मोडक्या जर्मनमध्ये एक चिठ्ठी: आमच्याकडेही असंच झालं होतं, आमच्याकडे ते एका चर्चच्या बागेत पुरायचे.

हिवाळाभर एतेल्का रविवारी सायकल काढून झाडांच्या रांगांमागे फिरायची. या कामाला पत्रक नव्हतं, शिक्का नव्हता आणि पाठिंबा तर अजिबात नव्हता. एकमेकांना समजू नये म्हणून सगळे जण जीव टाकून काळजी घेत होते. फेब्रुवारीत दोन शेजारी एकाच वेळी नेनीच्या कुंपणाशी तिचा पाचोळा मागायला आले. दोघांनीही सांगितलं, की बायकोच्या फुलझाडांसाठी पाहिजे.

मार्चमध्ये जमीन वाफसली, खणण्याजोगी सुकली, तेव्हा वेंदेलने तिला पॉपलरमागे बोलावलं. तो आधीच येऊन उभा होता, फावडं घेऊन. तिने एक चौकोन आखला, त्याने खणला, आणि दोघांनी गुडघ्यांवर बसून ढेकळं हातांनी फोडून पाहिली. माती अजून घट्टच होती, पण मुळं गेली होती तिथे चिरा पडल्या होत्या. एतेल्काने एक गांडूळ बाजूला ठेवलं. बऱ्याच वेळाने वेंदेलला दुसरं सापडलं. त्याने ते तळहातावर घेतलं आणि वाऱ्याकडे पाठ करून दुसऱ्या हाताने झाकलं.

“दोन,” तो म्हणाला. “म्हणजे बरं की वाईट?”

“वाईटच,” ती म्हणाली. “वीस हवीत. गेल्या वर्षी किती होती?”

“गेल्या वर्षी कोणी पाहिलं होतं?” वेंदेल म्हणाला. त्याने गांडूळ खड्ड्यात परत सोडलं, वर बोटांनी माती ओढली आणि विचारलं, शेजारी अजून एक चौकोन खणून बघायचा का.